कुंपणाच्या निवडुंगावर कलम

बी पेरून उगवलेलं माझं निवडुंगाचं नखाएवढं रोप मुळाशी सडलं. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "इतली शिकनी, आन घरमा काटा पाळस? फेकी दे!"

मी फेकलं नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, आणि ती वनस्पतिशास्त्राची आहे. अमळनेरजवळच्या आमच्या शेताला फड्या निवडुंगाचं कुंपण आहे. तिथलं मूळ धरलेलं एक कोवळं पान कुंडीत आणलं, वरून सपाट कापलं, रोपाचा सडका भाग छाटून उरलेला हिरवा ठिपका त्यावर बसवला आणि सुती दोऱ्याने बांधला. कलम धरलं. बारीक पांढरे काटे फुटले.

आबा म्हणाले, "काटानं झाड घरमा ऱ्हायनं का भांडण व्हतस."

"भांडण तर आपलं चालूच शे, आबा," मी म्हटलं. "पन रोप जित्तं शे."