धवलारणीसाठी कॅमेरा

जिज्ञासाच्या लग्नाचा अल्बम चामटोलीला आला, त्या दुपारी घरातल्या सगळ्या बायका ओटीवर गोळा झाल्या. अल्बम भलताच जड. मांडीवर घेतला की मांडी अवघडायची, म्हणून तो पाटावर ठेवला होता आणि एकेक जण पुढे सरकून पानं उलटत होती. कौसाबाईची पाळी आली. तिने शेवटपर्यंत पानं उलटली, मग परत पहिल्यापासून उलटली आणि शेजारी बसलेल्या तुळशीला हळूच विचारलं, "आमी व्हतो ना गो तिथं?"

कौसाबाई ही तुळशीची थोरली काकी आणि गावची धवलारीण. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंतचे विधी धवले गाऊन जी पार पाडते, ती धवलारीण. कौसाबाई आणि तिची जोडीदारीण सखू, दोघींना अख्ख्या लग्नाचे धवले तोंडपाठ. जिज्ञासा ही तुळशीची भाची. तिच्या लग्नातही दोघी सकाळपासून बसून गायल्या होत्या. अल्बममध्ये मात्र त्या कुठेच नव्हत्या. एका फोटोच्या कडेला हिरवं लुगडं आणि एक कोपर दिसत होतं, तेवढंच. तुळशीला आठवलं, दोन धवल्यांच्या मधे फोटोवाल्यांनीच त्यांना दोन-तीनदा उठवलं होतं. "मावशी, जरा फ्रेमच्या बाहेर."

"होतात ना काकी," तुळशी म्हणाली. "तुमच्याशिवाय लग्न लागलं असतं का?"

"तं दिसत कशे नाय?"

 त्या दिवशी बदलापूरला परतताना तिने मनाशी ठरवलं, आपण चांगला कॅमेरा घ्यायचा आणि काकीचे फोटो आपणच काढायचे.

तुळशी गायकर तेव्हा पंचेचाळिशीत होती. माहेर चामटोली, सासर बदलापूरचा हेंद्रेपाडा. अंबरनाथच्या एका औषध कंपनीत ती पॅकिंगची सुपरवायझर होती. नवरा भगवंत कंपन्यांच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर, मुलगी रिद्धी कॉलेजात. फोनवर फोटो काढायची तुळशीला पहिल्यापासून हौस. पण मांडवात, धुरात, कमी उजेडात फोनचे फोटो चिखलासारखे यायचे. कॅमेरा म्हणजे एक वस्तू, दुकानात जायचं, पसंत करायची आणि घेऊन यायची, असं तिला वाटत होतं. टीव्ही-फ्रीज घेतला तसं.

भगवंत म्हणाला, "घे की. बोनस तुझाच आहे. फक्त चार जणांना विचारून घे."

चार जणांना विचारलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

पहिला प्रीतम. जिज्ञासाचा भाऊ, म्हणजे तुळशीचा भाचा. तो लग्नांची शूटिंग करायचा, त्याच्याकडे ड्रोनसुद्धा होता. "आत्या, घ्यायचा तर फुल फ्रेमच," तो म्हणाला. "छोटा, क्रॉप सेन्सरवाला घेऊन पैसे पाण्यात घालू नकोस. नंतर रडशील."

"फुल फ्रेम म्हणजे? माझ्या फोनमध्ये फ्रेम अर्धी येते का?"

प्रीतम हसला. समजावून सांगायला लागला आणि दुसऱ्या वाक्यालाच त्याचा फोन वाजला.

दुसरे यज्ञेश सर. कंपनीत क्वालिटीचे अधिकारी, रविवारी पक्ष्यांचे फोटो काढत फिरायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अगदी मनापासून सांगितलं, "तुळशीताई, कॅमेऱ्याची बॉडी आज आहे, उद्या जुनी होईल. लेन्स टिकते. खर्च लेन्सवर करा, बॉडी साधी चालेल."

तिसरी रिद्धी. तिने रात्रभर व्हिडिओ बघून आईला सांगितलं, "डीएसएलआर, तो आरशावाला, आता कोणी घेत नाही. मिररलेस घे." यज्ञेश सरांचा कॅमेरा डीएसएलआरच होता. दुसऱ्या दिवशी तुळशीने भीतभीत त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "शिकायला डीएसएलआरच बरा. स्वस्तात चांगल्या लेन्सा मिळतात."

म्हणजे बॉडी भारी घ्यायची की साधी? आरसा हवा की नको? तुळशी बसमध्ये बसल्या बसल्या विचार करायची आणि तिचं डोकं भणभणायचं. त्यात तो एफचा आकडा. एफ एक पॉइंट आठ म्हणे मोठा आणि एफ आठ म्हणे लहान. आयुष्यभर मोजमापाचं काम केलेल्या बाईला हे पटेना. आकडा लहान तेवढं लेन्समधलं छिद्र जास्त उघडतं, उजेड जास्त आत येतो, असं रिद्धीने कागदावर गोल काढून दाखवलं. तुळशीने मान हलवली. सकाळी उठली तेव्हा परत उलटसुलट झालं होतं.

शेवटी एका शनिवारी ती उल्हासनगरला गेली. दोन नंबर कॅम्पात चंदरशेठचं कॅमेऱ्याचं जुनं दुकान होतं. चंदरशेठ सिंधी, पण मराठी चांगलं बोलायचा. मधेच हिंदीत जायचा.

"या भाभी. काय पायजे? व्लॉगिंग, शादी, की ट्रॅव्हल?"

"फोटो काढायचेत," तुळशी म्हणाली.

त्याने काउंटरवर एकामागून एक डबे उघडले. एक कॅमेरा हातात घेतला तर विटेसारखा जड, पण पकड छान. दुसरा हलका, पण तिचं बोट सारखं चुकीच्या बटणावर जायचं. पहिल्याचा आवाज खटकन मोठा यायचा, दुसरा मुकाट फोटो घ्यायचा. मग लेन्सा आल्या. एक आखूड, एक हातभर लांब. "ये दो लेन्सवाला किट घ्या, भाभी. जवळचं पण येतं, लांबचं पण येतं. बिनधास्त!"

तुळशीला ते पटलंही. मग तिने सवयीने प्रीतमला फोन लावला. तो ओरडलाच, "किट लेन्स? अगं आत्या, ती फुकटात दिली तरी घेऊ नकोस!" चंदरशेठला ते फोनबाहेर ऐकू गेलं. त्याने एक डबा बंद केला. तुळशी ओशाळली, "येते पुन्हा" म्हणाली आणि रिकाम्या हाताने बाहेर पडली. स्टेशनपर्यंत चालताना तिला उगीचच रडू येत होतं. एवढी साधी गोष्ट आपल्याला ठरवता येऊ नये?

सोमवारी यज्ञेश सरांना तिचा चेहरा बघूनच कळलं. त्यांनी आपला जुना कॅमेरा आणि दोन लेन्सा पिशवीत घालून आणून दिल्या. "आधी वापरा. मग काय हवं ते बघा. परत द्यायची घाई नाही."

त्याच आठवड्यात वांगणीला एक लग्न होतं आणि तिथे धवले गायला कौसाबाई आणि सखूच जाणार होत्या. तुळशी रजा टाकून गेली. लग्नघर जुनं, कौलारू, मधलं घर अंधारं. दारातून येणारा उजेड तेवढा. जमिनीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढलेला, त्याच्या एका अंगाला दोन्ही धवलारणी बसलेल्या. तुळशीने आधी लांबलचक लेन्स लावली, कारण ती भारी दिसत होती. भिंतीला पाठ टेकवली तरी काकीच्या कपाळाशिवाय काही मावेना. आणि जे मावलं ते हललेलं. मग तिने घाईघाईने छोटी लेन्स लावली आणि चौकाजवळ काकीसमोर येऊन बसली. आता सगळं मावलं, पण काळंकुट्ट. काय करावं कळेना. तिने कुठलं तरी बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश टणकन वर आला.

काकीने धवला सुरू केला होता. घरातली माणसं गप्प होऊन ऐकत होती. तुळशीने फोटो घेतला आणि अख्खं घर पांढरं फटक पडलं.

गाणं तुटलं. सखू डोळे चोळायला लागली. कौसाबाईचे ओठ हलत राहिले, पण पुढची ओळ येईना.  नवऱ्या मुलाच्या आईने तुळशीकडे असं पाहिलं की तिला वाटलं, जमीन दुभंगावी. धवला मधे तुटणं बरं नाही, असं जुनी माणसं मानतात. काकीने पाणी मागून घेतलं, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

नंतर मांडवाबाहेर काकी तिला म्हणाली, "इजेवानी चमकवतं काय गो? मना तर वाटला, डोलं गेलं."

"चुकलं काकी. मला ते कसं बंद करायचं कळतच नव्हतं."

"मंग नको ना काढू. नाय दिसलो तं नाय दिसलो."

हे तिला फार लागलं. ज्या फोटोवाल्यांनी काकीला बाजूला केलं, त्यांनी निदान गाणं तोडलं नव्हतं. घरी येऊन तिने कॅमेऱ्याची पिशवी कपाटात ठेवली आणि आठवडाभर तिला हात लावला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "बघते अजून."

रिद्धीनेच एका रविवारी ते फोटो कॉम्प्युटरवर घेतले. बहुतेक वाया गेलेले. पण फ्लॅशच्या आधीचे थोडे बरे होते. काळपट, कडा हललेल्या, तरी त्यांत काकीचा चेहरा आणि पिठाने भरलेला हात एकत्र दिसत होता. रिद्धीने फोटोवर क्लिक केलं तर बाजूला त्याची माहिती आली.

"आई, हा बघ, झूम पस्तीस एमएमवर ठेवून काढलाय. हा पण पस्तीस. हा तेहतीस." ती एकेक उघडत गेली. "तू झूम फिरवलीस, पण फोटो बरा आलाय तो प्रत्येक वेळी इथेच."

तुळशी खुर्ची ओढून बसली. "इथे म्हणजे कुठे?"

"म्हणजे तू जवळ बसून काढलेस ते. लांबून काढलेले सगळे गेले."

तुळशीला आठवलं. ती चौकाच्या दुसऱ्या अंगाला मांडी घालून बसली होती, काकीच्या समोर. एरवीही ती तिथेच बसायची. लहानपणीसुद्धा. तिने पुढचा फोटो उघडायला सांगितला, मग त्याच्या पुढचा. सगळं कळलं असं नाही. पण तिला एवढं दिसलं की लांबचं तिला काही नकोच आहे. जवळ बसून, अंधारात, आवाज न करता काढता आलं पाहिजे.

पुढच्या शनिवारी ती रिद्धीला घेऊन परत चंदरशेठकडे गेली. या वेळी तिने फोन पर्समध्ये टाकून चेन लावली.

"शेठ, मला फ्लॅश नको. आवाज नको. आणि उजेड जास्त घेणारी एकच लेन्स पाहिजे."

चंदरशेठ खूश झाला. "तो फिर पन्नास एमएम! सबसे अच्छा लेन्स, भाभी. एफ वन पॉइंट एट. सगळे शिकणारे हेच घेतात."

त्याने ती एका मिररलेस कॅमेऱ्याला लावून दिली. तुळशीने जरा इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ दुकानाच्या फरशीवर बसली. "शेठ, तुम्ही पण बसा ना समोर."

"मैं? नीचे?"

"हो. आमच्याकडे खालीच बसतात."

चंदरशेठ गुडघे धरत, हसत खाली बसला. दाराशी उभं असलेलं एक गिऱ्हाईक बघतच राहिलं. तुळशीने कॅमेरा डोळ्याला लावला. चंदरशेठचा चष्मा, नाक, मिशा. हात कुठेच नाहीत. तिने मागे सरकून पाहिलं तर पाठीला काउंटर लागला.

"पस्तीसची आहे का?"

होती. तेवढ्याच अंतरावरून आता चंदरशेठचा चेहरा, शर्ट आणि गुडघ्यावरचे दोन्ही हात दिसत होते. फोटो घेतला तरी आवाज आला नाही. फोटो निघाला हे चंदरशेठला कळलंच नाही, तो विचारत राहिला, "घेतला की नाही?"

तरीही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. फुल फ्रेम नाही, झूम नाही, प्रीतम काय म्हणेल? यज्ञेश सरांना वाईट वाटेल का? चंदरशेठनेच त्याच मॉडेलचा, वर्षभर वापरलेला स्वस्त कॅमेरा दाखवला, हमीसकट. तिने दोनदा हो म्हटलं, एकदा नको म्हटलं, चहा पिऊन परत हो म्हटलं. रिद्धी कंटाळून म्हणाली, "आई, आता घे नाहीतर मी घरी जाते." तेव्हा कुठे तिने घेतला. घरी जाऊन डबा उघडल्यावरही तिला वाटत होतं की आपण फसलो.

प्रीतमने तेच म्हटलं. "एकच लेन्स? आणि त्यातही झूम नाही?" तुळशी "हं" म्हणाली. खरं म्हणजे तिलाही तीच शंका होती.

चामटोलीला पुढचं लग्न होतं तेव्हा ती आधी काकीच्या घरी गेली, कॅमेरा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा चमकत नाही. आवाज पण करत नाही. तुम्हाला नको असेल तर मी नुसती बसते."

कौसाबाईने तो उलटासुलटा करून पाहिला, कानाशी धरला. "बस," म्हणाली. "पन म्होर म्होर नको करू."

तुळशी चौकापलीकडे आपल्या नेहमीच्या जागेवर बसली. फोटो खूप चुकले. एका ठिकाणी काकी सोडून मागचा पितळी हंडा लख्ख आला. एका ठिकाणी पूर्ण अंधार, आणि तो का आला ते तिला अजूनही कळलेलं नाही. आकडे कुठे फिरवायचे ते ती मधेच विसरली, मग तिने फिरवायचं सोडून दिलं आणि धवला ऐकू लागली. काकी ओळ उचलायच्या आधी एक श्वास घेते, हे तिला माहीत होतं. त्या श्वासाला ती बटण दाबत गेली.

पाच-सहा फोटो जमले. एकात सखूने काकीची सुटलेली ओळ पकडली आहे आणि दोघी एकमेकींकडे बघतायत. तुळशीने तो मोठा करून आणला आणि ओटीवर त्यांच्यासमोर ठेवला. दोघींनी तो बराच वेळ पाहिला. मग सखू म्हणाली, "माजा तोंड केवढा फाकलाय!" कौसाबाई म्हणाली, "फाकलाय म्हनून तं ऐकाया येतं." त्यावरून दोघी भांडल्या. शेवटी फोटो सखूच्या घरी गेला, कारण कौसाबाईच्या भिंतीला ओल होती.

आता आजूबाजूच्या पाड्यांतून तुळशीला बोलावणी येतात. अल्बमवाले वेगळे असतात, ही फक्त धवल्याला बसते. प्रीतमनेही परवा त्याच्या एका लग्नाला तिला नेलं आणि धवलारणींना उठवू नका असं आपल्या पोरांना सांगितलं. कॅमेऱ्यावरच्या अर्ध्या बटणांना तिने अजून हात लावलेला नाही. एफचा आकडा ती आजही उलटा धरते. मग रिद्धीने काढून दिलेले गोल आठवते आणि सरळ करून घेते.