भोंग्यावर दिलेलं आवतण

२०२३ साल. आधार कार्डावर माझं वय सदुसष्ट, जन्म एक जानेवारीचा. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म एक जानेवारीचाच आहे. खरं काय ते आईला ठाऊक होतं, पण ती तारीख सांगायची नाही. भाताची लावणी अर्धी झाली होती, एवढंच सांगायची.

त्या साली, भात कापायला आलं त्या सुमारास, मी जव्हारच्या मैदानावर एका मंडपाच्या गेटसमोर उभा होतो. माझ्या मागं दाभोसा आणि वावर या गावांची माणसं. नुकतीच भाड्याच्या जीपमधून उतरलेली. धुतलेली लुगडी, तेल लावलेली डोकी, हातात काकड्या. गेटवर वॉचमन आडवा हात करून उभा.

"पास दाखवा."

"कसला पास?"

"मोबाईलवर येतो तो. त्याशिवाय आत नाही."

"ह्यांना मी बोलावलंय."

"तुम्ही कोण?"

जव्हार-मोखाड्यात हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. एखाद्याला माझा चेहरा माहीत नसेल, पण आवाज सगळ्यांना माहीत आहे.

मी माईकवाला आहे. जीपच्या टपावर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करायचा, हा माझा धंदा. पोलिओचा डोस, रेशन, कबड्डीचे सामने, मतदान, हरवलेली म्हैस, सगळं मी पुकारलेलं आहे. शिक्षण चौथी, तीही अर्धी. वाचता येतं, पण बैलगाडीच्या चालीनं. बोलायला मात्र मला कोणी शिकवू नये.

भोंगा म्हणजे पत्र्याचा कर्णा. त्याला आवाज पुरवणारी पेटी म्हणजे ॲम्प्लिफायर. माईक भोंग्यासमोर धरला की तो किंचाळतो, त्याला आम्ही शिट्टी म्हणतो. नवा माणूस पहिल्या दिवशी नुसती शिट्टीच वाजवतो. डोंगरात भोंगा रस्त्याकडे करायचा नसतो, दरीकडे करायचा. एक वाक्य बोलायचं. समोरच्या डोंगरावरून ते परत आलं की मग दुसरं. घाई केली तर दोन वाक्यं दरीत एकमेकांवर आपटतात आणि खाली पाड्यावर नुसता गोंधळ पोचतो.

मुंबईकडून आलेल्या लोकांनी त्या मंडपात प्रदर्शन भरवलं होतं. बोर्डावर लिहिलेलं, फॅमिली एक्स्पो. एक्स्पो म्हणजे प्रदर्शनच. आत सरडे, साप, कासवं, मोठाले पोपट. सगळे परदेशी जातीचे, पिंजऱ्यात जन्मलेले. इथलं रानातलं जनावर एकही नाही, ते कायद्यात बसत नाही. सगळ्याचा कारभार रोहन सरांकडे. वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढे, अंगात कंपनीचा टी-शर्ट. त्यांनी मला पेनड्राईव्ह दिला.

"काका, तुम्ही फक्त गाडीत बसायचं. हे लावून फिरायचं."

मी लावून ऐकलं. आधी बाजा वाजला. मग एक बाई गोड आवाजात म्हणाली, आजच आपल्या फॅमिलीसाठी स्लॉट बुक करा.

"हे मी वाजवणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"ही बाई कधी वावरला गेलीय का?"

"अहो, ती स्टुडिओतली आहे."

"मग वावरवाले तिचं का ऐकतील?"

रोहन सर हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मी दुसरी अट घातली. जे मी बघितलं नाही ते मी पुकारत नाही. डोस असला तर डबा उघडून बघतो. म्हैस हरवली तर आधी तिचं दावं बघतो. मग त्यांनी मला मंडपात नेलं.

आत श्वेता मॅडम होत्या. जनावरांचं खाणंपिणं, साफसफाई आणि लोकांना माहिती सांगणं त्यांच्याकडे. त्यांनी हिरवा सरडा दाखवला, त्याला इग्वाना म्हणतात. आमच्या ओट्यावर मावणार नाही एवढी शेपटी. मग एक साप बाहेर काढला. बॉल पायथन. अजगराच्या भावकीतला, पण आखूड. घाबरला की स्वतःचाच चेंडू करून बसतो. त्याचं नाव लड्डू.

सापाला मी भितो. इथं सगळेच भितात आणि भ्यायलाच पाहिजे. साप दिसला की आम्ही हात जोडतो आणि वाट बदलतो. त्याला गळ्यात घालायचा विचार शहाणा माणूस करत नाही.

"चावतो का?" मी विचारलं.

"तोंड असलेलं काहीही चावू शकतं काका. पण हा लाजाळू आहे. घेऊन बघता?"

नाही म्हणावंसं वाटत होतं. पण न बघितलेलं पुकारत नाही हे मीच मघाशी बोललो होतो. मान पुढं केली. लड्डू खांद्यावरून छातीवर आला. मला वाटायचं साप ओला असतो. तो कोरडा होता. थंड आणि कोरडा, सकाळी कमरेला बांधलेल्या चामड्याच्या पट्ट्यासारखा. माझे पाय लटपटत होते, पण मंडपात अंधार होता, कोणाला दिसले नाहीत.

"आता मी पुकारतो," बाहेर येऊन मी म्हटलं. "पण माझ्या पद्धतीनं."

"करा काका, तुमच्या पद्धतीनं करा," रोहन सर म्हणाले. "पब्लिक आली पाहिजे, बस."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

माझी पद्धत आवतणाची. आमच्यात लग्नाकार्याचं बोलावणं छापून जात नाही. माणूस स्वतः जातो, अंगणात उभा राहतो, घरातल्या मोठ्या माणसाचं नाव घेऊन हाक मारतो आणि आतून "येऊ" आल्याशिवाय हलत नाही. तेच मी भोंग्यावर करतो. घर धरून नाव घेतो.

वावरच्या वरच्या वळणावर जीप लावली. भोंगा दरीकडे फिरवला.

"लक्ष्मीबाय, ऐकतेस का?"

लक्ष्मीबाय म्हणजे त्या पाड्यावरची सगळ्यात जुनी बाई. नात्यानं माझी आत्या लागते. आवाज परत आला. त्याच्या मागोमाग खालून तिचा.

"बहिरी नाय झाले अजून! बोल, देव्या!"

"जव्हारला परदेशची जनावरं आलीत. शनिवारचं आवतण. अख्खं घर घेऊन ये."

"खायला काय हाय?"

"खायला नाय. बघायला."

"साप बघाया जव्हारला कशाला? तो घरात येतो की!"

खालचा सगळा पाडा हसला. भोंगा नसताना मला वर ऐकू आलं.

"हा गळ्यात घेता येतो," मी म्हटलं.

आता तिचा आवाज आणखी चढला.

"तू घेतलास?"

"घेतला."

"मग येऊ."

असं वावर केलं, दाभोसा केलं. पोशेऱ्याला दुसऱ्या दिवशीचं, रविवारचं आवतण दिलं, एका दिवशी सगळे नकोत म्हणून. कुठंही माणूस "येऊ" म्हणाल्याशिवाय जीप हलवली नाही.

तर शनिवारी ती सगळी माणसं माझ्या मागं उभी होती. परदेशचे पाहुणे आलेत, रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून काकड्या आणि भोपळ्याचा पाला घेऊन.

रोहन सर धावत आले. मला बाजूला घेतलं.

"काका, हे काय केलंत? सगळे स्लॉट फुल आहेत. नाशिकचे, वसईचे लोक आहेत, आधीपासून बुकिंग केलेले."

"तुम्ही म्हणालात पब्लिक आणा."

"ही पब्लिक नाही हो!"

बोलून गेल्यावर त्यांनाच कळलं. जीभ चावली. पण बोललं ते बोललं.

"म्हणजे बुकिंगवाली पब्लिक," ते म्हणाले. "असं करू, तुम्ही आणि ह्या पुढच्या आजी आत चला. बाकीच्यांना संध्याकाळी, बंद झाल्यावर, पाच मिनिटं लांबून दाखवू."

"संध्याकाळी वावरला परत जायला भाड्याची जीप नसते."

"मग मी काय करू? त्यांना तुम्ही सांगा. तुम्हीच बोलावलंय ना? कॅन्सल करा."

मागं लक्ष्मीबाय ओरडली, "देव्या, उन्हात वाळवतोस का आमाला? आमी काय बोंबील हाय?"

"कॅन्सल करू?" मी रोहन सरांना विचारलं.

"करा."

आता आवतण मोडायचीही आमच्यात रीत आहे. ज्यानं दिलं त्यानंच मोडायचं. तसंच नाव घेऊन, तेवढ्याच मोठ्यानं, आणि कारण सांगून. कारण न सांगता मोडलं तर ते घर पुन्हा तुमच्या दारात येत नाही, मयतालाही नाही. माझ्या वयाला हे परवडणारं नव्हतं.

गेटवर पुकारा करायला माझीच जीप लावलेली होती. मी टपावर चढलो. भोंगा मंडपाकडे होता, तो रस्त्याकडे आणि रांगेकडे फिरवला. माईक चालू केला.

"दाभोशाचे जानूदादा, ऐकता का? मी देवजी बोलतोय. तुम्हाला आवतण दिलं ते मी मोडतोय. कारण तुमचा मोबाईल साधा आहे."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"दाभोशाच्या सकूवहिनी, तुमचं आवतण मोडतोय. कारण तुमच्या पाड्यावर रेंज नाही."

"काका, खाली उतरा," रोहन सर म्हणाले.

"वावरच्या लक्ष्मीबाय, ऐकतेस का? तुझं आवतण मोडतोय. कारण तू पब्लिक नाहीस. हे मी म्हणत नाही, सर म्हणतात."

"काका, माईक बंद करा! प्लीज!"

"अजून बरीच घरं आहेत," मी म्हटलं. "रीत आहे, अर्ध्यात सोडता येत नाही." आणि पुढचं नाव घेतलं.

रांगेतल्या तरण्या पोरापोरींनी मोबाईल वर केले. माझा व्हिडिओ काढायला लागले. ज्या मोबाईलवर पास येतो तोच मोबाईल. रोहन सरांनी ते बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा मोबाईलांकडे बघितलं. मग वॉचमनला म्हणाले, "साईडचा पडदा उघड. दहा-दहा जणांना सोड."

मी माईकवर म्हटलं, "आवतण कायम. चपला बाहेर काढायची गरज नाही."

आत लक्ष्मीबाय सापासमोर दोन हात लांब उभी राहिली. हात जोडले. मग मला बोलावलं.

"घेतलास म्हणतोस ना? घे. माझ्यासमोर घे."

सगळा पाडा बघत होता. श्वेता मॅडमनी लड्डू माझ्या गळ्यात घातला. यावेळी मंडपात दिवे होते.

"पाय बघा ह्याचे," लक्ष्मीबाय म्हणाली. "भाताच्या लोंबीसारखे हलतात."

"हलू देत. गळ्यात आहे की नाही?"

तिनं एक बोट पुढं केलं, लावलं, झटकन मागं घेतलं. पुन्हा लावलं.

"कोरडा हाय," ती म्हणाली. "खोटा नाय बोललास."

मला एवढंच पाहिजे होतं. काकड्यांचं काय झालं तर मॅडमनी त्या इग्वानाला कापून घातल्या, आणि पाल्याकडे बघून म्हणाल्या, अजून आहे का? तो सरडा असा खायला लागला की जानूदादा म्हणाले, हा तर आमचाच, परदेशी कुठला.

संध्याकाळी रोहन सर जीपपाशी आले.

"उद्यापासून येऊ नका काका. आम्ही पेनड्राईव्ह लावू."

"लावा."

"तुमच्यामुळे माझी नोकरी जाणार होती."

"माझ्यामुळे नाही," मी म्हटलं. "तुमच्या गेटमुळे."

त्यांना मी वाईट माणूस म्हणत नाही. पण ज्याला पुकारा पाहिजे त्यानं आधी आपलं दार केवढं आहे ते बघून ठेवावं. पुकारा दरीतून परत येतो, तसा माणूस परत फिरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, भाकरी खाल्ली, भोंगा टपावर बांधला आणि पोशेऱ्याला गेलो. नोकरी नव्हती, पण रविवारचं आवतण माझं होतं. वळणावर जीप लावली, भोंगा दरीकडे केला आणि पहिल्या घराचं नाव घेतलं.

खालून कोणीतरी ओरडलं, "पास लागतो म्हणतात!"

"लागतो," मी म्हटलं. "गेटवर मी उभा असेन, भोंगा घेऊन."

आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला. मी माईक बंद केला नाही. खालून "येऊ" आलं, तेव्हा केला.