हौद भरेपर्यंत

बायकोवर हात उचलणाऱ्या नवऱ्यांना कोर्ट नेर गावातल्या आमच्या संस्थेकडे पाठवायचं, त्या दिवसांत मी तिथं कामाला होते. काहींना नुसता कायदा समजावून सोडत, काहींना दर आठवड्याला सतरंजीवर बसवून बोलतं करत. कशानं फरक पडतो ते तपासायचं होतं. माझा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. सतरंजीवर बसून माणूस सुधारत असता तर आमच्या गल्लीतले भजनी कधीच देवमाणसं झाले असते.

माझं काम त्यांच्या बायकांना भेटायचं. नवरा काय सांगतो त्यावर जायचं नाही, आणि तो कुठल्या गटात आहे हेही मला मुद्दाम कळू देत नसत. माझं मत आधीच बनायला नको, म्हणून.

त्यातली एक जवळच्याच खेड्यातली. तिच्या घरी गेलं की सासू उंबऱ्यात ठाण मांडून बसायची आणि ही मान खाली घालून म्हणायची, सगळं ठीक आहे. असलं ठीक मी खूप ऐकलं होतं. पुढच्या तारखेला तिला कोर्टात सांगायचं होतं, नवऱ्याकडे राहणार की भावाकडे जाणार. ती भीतीपोटीच राहते म्हणाली तर?

मग मी कापूस वेचणीच्या वेळी तिला शेतात गाठलं. वेचताना बायका आपापली ओळ धरून पुढे सरकतात, हात चालू असले की तोंडंही मोकळी होतात, आणि नवरे उगवतात ते संध्याकाळी, वजनाच्या वेळी. त्या वर्षी अळीनं कापसाची पार वाट लावली होती. मी वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली आणि तिच्या शेजारची ओळ धरली. वाळक्या बोंडांनी माझी बोटं सोलवटली, पण ती बोलली.

“मारत नाही आता, ताई. पन भांडन निंगालं का हा मानूस उठून चालला जाते. कुठी जाते, सांगत नाही.”

तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं, दुसरी बाई असणार. तारखेला भावाकडे जाते म्हणून सांगणार होती. मला बाई नाही, बाटली दिसत होती. पिऊन घरी आला की पुन्हा पहिले पाढे.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर घरी गेले. अंगणात वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा बकरीनं खाल्ल्या होत्या, तेवढं निमित्त पुरलं. तिनं आवाज चढवला, नवऱ्यानंही चढवला, आणि एकदम चपला घालून तो चालू लागला. मला राहवलं नाही. मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी त्याच्या मागं निघालो.

गावाबाहेरच्या हातपंपापाशी तो थांबला. अंगात आल्यासारखा दांडा हापसत होता आणि गुरांचा हौद भरत होता. आम्हाला बघून ओशाळला.

“हात शिवशिवले का इथं येतो,” तो तिला म्हणाला. “तिथं शिकवलं हाय, राग आला का सांगून भायेर निंगा.”

“मंग सांगून काहून नाही येत तुमी?”

त्यानं पुन्हा दांडा धरला. “बायकोले सांगाची लाज वाटते.”

अर्धाच धडा गिरवला होता पठ्ठ्यानं, सोपा तेवढा. मला इतकं हायसं वाटलं की हौदाच्या कठड्यावर मटकन बसले आणि चक्क रडले. ती मात्र रडली नाही. स्वयंपाक व्हायचाय, चला, एवढंच म्हणाली.

तारखेला तिनं सांगितलं, राहते, पण केस बंद करू नका. शहाणी बाई. एका नवऱ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं आमचे साहेबही म्हणाले, आणि आता मला त्याचा गट कळला म्हणून ते घर त्यांनी माझ्याऐवजी दुसऱ्या कार्यकर्तीकडे सोपवलं.

निरोप घ्यायला गेले तर आतून पुन्हा चढलेले आवाज. तेवढ्यात तो दारात आला आणि मागं वळून म्हणाला, “मले राग आला. जाऊन येतो.”

आतून ती म्हणाली, “जा. हौद भरल्याबिगर येऊ नका.”