भावोजींनी उंच केलेली खोप

भावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवरूखच्या बाजारात होतो. "खोपीत पडले का?" हेच आधी माझ्या तोंडून निघालं. तसं काही नव्हतं. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपलं... ज्या माणसाला कधी साधा ताप यायचा नाही, तो असा निघून गेला. महिना उलटला, तरी माझा राग उतरत नाही.

वसंतभावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमेदीची वर्षं बोटीवर काढून रत्नागिरीला कायमचे परतले, आणि थोड्याच दिवसांत ताईला अर्धांगाचा झटका आला. डावा हात खांद्याच्या वर जाईना. कप्पीवरून दोरी घेऊन उजव्या हाताने डावा वर ओढायचा, रोज, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. शहरातल्या जिममध्ये जायला ताई तयार नव्हती. लोक बघतात म्हणे. पडवीतही नको, आल्यागेल्याची नजर पडते. मग भावोजींनी परसातली लाकडं ठेवायची खोप रिकामी केली. तिथे कप्पी, सायकल, धरून चालायला दांडे, सगळं करायचं होतं.

पण छप्पर इतकं बुटकं, की भावोजींचं कपाळ तुळईवर आपटायचं आणि कप्पीला तर जागाच नव्हती. "छप्पर उचला," मी म्हटलं. "कशाला? जमीन खाली नेऊ." वीतभर खणलं नाही तोच कातळ लागला. "अहो, जन्म रत्नागिरीतलाच ना तुमचा?" मी ओरडलो. हा माणूस पहारीने टवके काढतच राहिला. पावसात त्या खड्ड्याचं डबकं झालं, बेडूक राहायला आले. मग म्हणे, तुळईच कापतो. "ती भिंतींना धरून आहे! कापलीत तर भिंती फाकतील." त्यावर आमचा अबोला झाला.

शेवटी मीच विचारलं, छप्पर उचलायला एवढा विरोध का? चिडून म्हणाले, "कौलं उतरवायची, बांधकाम काढायचं, महिने जातील. तोवर तिचा खांदा थांबेल का आखडायचा?" आणि खणण्यात किती महिने घालवले, हे यांना कोण सांगणार! मी कपाळाला हात लावला. पाऊस सरताच गवंडी आणला. चिऱ्याचे दोन थर चढवून तुळईसकट छप्पर वर घेतलं, खड्डा बुजवला. भावोजींनी स्वतः कप्पी बसवली, आणि ताईला आत नेताना सवयीने वाकले. ताई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

परवा गेलो तर ताई खोपीत होती. दोरी ओढत होती. डावा हात कानाच्या वर गेला होता. हे बघायला तेवढे थांबले असते, तर काय बिघडलं असतं त्यांचं?

"पुरे आता, दमशील," मी म्हटलं.

"बस तू," ती म्हणाली. "अजून वर जागा आहे."