शिशाच्या गोळीला कमी धुराचे वंगण

महामारीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या पिस्तूल क्लबात माझ्या गोळ्यांच्या धुराविरुद्ध ठराव झाला. तो ठराव मला तेव्हा मान्य नव्हता आणि आजही नाही. हे प्रारंभीच नमूद करतो, म्हणजे पुढील मजकूर कोणत्या बाजूने लिहिला आहे याविषयी वाचकांच्या मनात संदेह राहू नये.

मी अर्जनवीस आहे. शिक्षण नववीपर्यंत. तहसील कचेरीच्या आवारात एकोणीस वर्षे टेबल मांडून मी वारसनोंदीपासून पाणंद रस्त्यापर्यंत सर्व प्रकारचे अर्ज लिहिले, आणि माझ्या अर्जावर ‘मजकूर अपुरा’ असा शेरा मारण्याची कोणत्याही अव्वल कारकुनाची छाती झाली नाही. पुढे पत्नीला नर्सच्या कामावर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळाला आणि तिच्या मागे मी मेलबर्नच्या पश्चिमेला, पॉइंट कुकला आलो. दिवसा गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. पण वस्तीतल्या इंजिनियर मंडळींना शेजाऱ्याच्या कुंपणाविषयी कौन्सिलला चार ओळी लिहायच्या असल्या, की ती माझ्याच दारात येतात. पदव्या त्यांच्याकडे आहेत; दाद कशी मागावी हे मला ठाऊक आहे.

पिस्तुलाचा नाद मला गोदामातल्या एका म्हाताऱ्याने लावला. तो पत्राकाम करणारा कारागीर, जन्माने इथलाच, आता निवृत्त. त्याने मला क्लबात नेले, परवान्याच्या सर्व पायऱ्या चढवल्या आणि पुढे गोळ्या ओतायलाही शिकवले. टायरवर लावतात ती शिशाची जुनी वजने वितळवायची, लोखंडी साच्यात ओतायची, गार झाली की साचा उघडायचा. गोळीच्या अंगावर बारीक खाचा असतात. त्यांत मेणासारखे वंगण भरावे लागते, नाहीतर शिसे नळीला आतून चिकटते. गोळी सुटली की त्या वंगणातले काही जळते, आणि तोच धूर.

त्या वर्षी दुकानांत तयार गोळ्या मिळत नव्हत्या. जहाजे अडकली होती, फळ्या रिकाम्या होत्या. घरी ओतलेल्या गोळ्या वापरणारे क्लबात दोघेच उरलो होतो, म्हातारा आणि मी. इथला नियम असा, की पिस्तुलाचा परवाना टिकवायचा तर वर्षभरात ठरलेल्या इतक्या नेमबाजीच्या सामन्यांना हजेरी लागलीच पाहिजे. लॉकडाउनने महिनेच्या महिने खाल्ले होते. हजेरीत सूट मिळेल अशी कुजबुज होती. पण कुजबुजीला जावक क्रमांक नसतो. माझी हजेरी कमी भरत होती. परवाना गेला असता तर पिस्तूलही जमा करावे लागले असते.

अशात एका रविवारी, छपराखालच्या रेंजवर, माझ्या सहा गोळ्यांनंतर शेजारच्या खणातला सदस्य खोकला. त्या दिवसांत खोकला म्हणजे काय हे सांगायला नको. दोन सदस्य आपापल्या बॅगा उचलून थेट गाड्यांत जाऊन बसले. त्याच आठवड्यात कमिटीने ठराव केला: मेणाचे वंगण लावलेल्या गोळ्या छपराखाली चालणार नाहीत. आणि हजेरीचे सामने छपराखालीच होत.

क्लबचा सेक्रेटरी आपला मराठी माणूस, पुण्याचा, आयटीतला, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी त्याला फोन केला.

“काका, चिडू नका ना,” तो म्हणाला. “सिम्पल आहे. गोळ्यांना पावडर कोटिंग करा. रंगाची पूड लावून ओव्हनमध्ये भाजायच्या, धूरच नाही.”

“माझ्या घरात ओव्हन एकच आहे आणि त्यात केक होतात. शिसे त्यात जाणार नाही. आणि आमचे म्हणणे न ऐकता आपण ठराव केलात कसा?”

“अहो, आपण काय! तू म्हणा मला.”

“सेक्रेटरीला मी तू म्हणत नसतो. अर्ज पाठवतो आहे.”

“काका, अर्ज-बिर्ज नको हो. दोन ओळींचा ईमेल टाका, नो वरीज.”

मी साडेतीन पाने लिहिली. एकूण सतरा मुद्दे. धूर आणि खोकला यांचा कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. खोकणारा सदस्य गेटपाशी सिगारेट ओढताना मी स्वतः पाहिला आहे. अर्जदारास बाजू मांडण्याची संधी दिली गेली नाही. सबब ठराव रद्द व्हावा. इंग्रजी माझेच होते. मुलीने फक्त टंकलेखन केले आणि मध्येच म्हणाली, “बाबा, नोबडी टॉक्स लाइक धिस.” मी म्हणालो, म्हणूनच कुणाचे काम होत नाही.

उत्तर एका ओळीचे आले. कमी धुराचे वंगण दाखवा, चौथ्या रविवारी कमिटी पाहील. लोक म्हणतील, यात काय मिळवले? मी म्हणतो, झालेला ठराव पुन्हा उघडला गेला. माझ्या धंद्यात यालाच अर्ज लागला म्हणतात.

आता वंगण निवडणे आले. गॅरेजचे दार उघडे ठेवून मी कॅम्पिंगची शेगडी मांडली आणि एका जुन्या लोखंडी तव्यावर प्रत्येक नमुन्याची चिमूट ठेवून धूर केव्हा निघतो ते पाहू लागलो. दुकानातली वंगणाची लाल कांडी लवकर धुमसली. मेणबत्तीचे मेण तर वासावरूनच बाद. मधमाशीच्या मेणात म्हातारा गाडीचे ग्रीस घालत असे, ते थोडे बरे; पण ग्रीस जळले की काळा धूर. चौथा नमुना माझ्या स्वतःच्या बुद्धीचा होता.

आमच्या देव्हाऱ्यात तेलाचा दिवा लावला की भिंत काळी होते, तुपाचे निरांजन लावले की होत नाही. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट. मी मधमाशीच्या मेणात साजूक तूप मिसळले आणि तव्यावर ठेवले. इतर नमुने धुराने गुदमरत होते तेव्हा हा शांत होता.

पत्नी वृद्धाश्रमातली शिफ्ट संपवून आली. तोंडावर मास्कच्या पट्ट्यांचे वळ उठलेले. ती दारातच थांबली.

“अहो, हे माझं तूप आहे?”

“दोन चमचे घेतले.”

“निरांजनाचं तूप बंदुकीला? कुठे फेडाल हे?”

“कमिटीपुढे.”

“आणि तो तवा परत स्वयंपाकघरात आला तर तव्यासकट तुम्हालाही बाहेर ठेवीन.” एवढे बोलून ती आंघोळीला गेली.

तवा गॅरेजमध्येच राहिला. मी साठ गोळ्यांच्या खाचा त्या वंगणाने गच्च भरल्या. त्या कमी भरणे मला कद्रूपणाचे वाटले. काडतुसे तयार करून डबा गाडीच्या डिकीत ठेवला. म्हाताऱ्याला फोनवर तुपाविषयी काही बोललो नाही. शोध माझा होता.

चौथा रविवार इथल्या उन्हाळ्याच्या अखेरचा, चाळीस अंशांच्या घरातला. कमिटीचे पाच जण मास्क लावून, एकमेकांपासून अंतर राखून उभे होते. चार गोरे आणि आमचा पुणेकर. गाडी सकाळपासून उन्हात होती हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. आले नाही.

पहिल्या तीन गोळ्या गेल्या. धूर होता. लाल कांडीपेक्षा कमी, पण पांढरा, जाड, आणि त्याला वास होता. एका गोऱ्या सभासदाने मास्कआडून जोरात हुंगले आणि विचारले, कुणी बिस्किटे भाजतेय का?

“काका,” सेक्रेटरी मागून म्हणाला, “शिरा केलाय का?”

मी चौथ्यांदा चाप ओढला. ‘फुस्स’ असा आवाज झाला, आणि समोरच्या कागदावर काहीच उमटले नाही. रेंज ऑफिसर ओरडला, “स्टॉप!” मी पिस्तूल खाली ठेवले. गोळी नळीतच अडकली होती. मी पाचवी झाडली असती तर नळी फुटली असती आणि हा मजकूर लिहिण्यास माझी बोटे शिल्लक राहिली असती की नाही, सांगता येत नाही.

म्हातारा चाचणी पाहायला आला होता; त्याने पितळी कांबीने गोळी ठोकून बाहेर काढली, उरलेल्यांपैकी एक काडतूस उघडले आणि आतली बारूद कागदावर ओतू लागला. ती ओतली जाईना. ओली होऊन गोळा झाली होती. उन्हात तूप पातळ होऊन आत उतरले होते.

“काय घातलंयस यात, मेट?” त्याने विचारले.

“बटर. म्हणजे, बटर कढवून.”

तो बराच वेळ हसला. मग हसणे थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाला, “मला विचारायचं होतंस.” ते शब्द मला सेक्रेटरीच्या शिऱ्यापेक्षा जास्त लागले.

कमिटी उठू लागली. मी आडवा आलो. म्हणालो, तुमच्यापुढचा प्रश्न धुराचा आहे, आणि अडकलेल्या गोळीतून धूर आलेला नाही. तूप ही माझी चूक, ती मी लेखी कबूल करतो. पण तुपाच्या चुकीवर मेणाला शिक्षा देता येत नाही. सबब दुसरी तारीख द्यावी.

“काका, सिरियसली? आत्ता जीव गेला असता तुमचा.”

“गेलेला नाही. तारीख द्या.”

बहुधा माझी कटकट टळावी म्हणूनच त्यांनी आणखी दोन आठवडे दिले. त्याच रात्री मी पुन्हा अर्ज लिहिला, चार पाने, एकवीस मुद्दे, पहिला मुद्दा तुपाचा.

या खेपेस म्हातारा माझ्या गॅरेजमध्ये आला. दारात खुर्ची टाकून बसला आणि तिथूनच हुकूम सोडत राहिला. मधमाशीचे मेण ठेवायचे, पण त्यात गाड्यांच्या पॉलिशमध्ये असते ते ताडाच्या पानांचे कठीण मेण मिसळायचे. तेल, तूप, ग्रीस काही नाही. मी मिश्रणाची पट्टी दिवसभर गाडीत ठेवून पाहिली. ती वितळली नाही. आणि मुख्य म्हणजे, त्याने माझ्या हातातली गोळी घेऊन नखाने दोन खाचा मोकळ्या केल्या.

“एकच भर,” तो म्हणाला. “बाकीचं नुसतं जळायलाच जातं.”

मी वाद घातला. वंगण कमी तर शिसे चिकटेल. “मग चिकटलं की सांग,” तो म्हणाला. आम्ही छपराबाहेरच्या उघड्या रेंजवर, जिथे ठराव लागू नव्हता, बारा गोळ्या झाडल्या आणि नळीतून उजेड पाहिला. स्वच्छ. माझी बुद्धी तुपापाशी थांबली होती, त्याची हातावरच्या सवयीने पुढे गेली, हे मला मान्य करावे लागले. मान्य केले, पण कमिटीपुढे नव्हे, गॅरेजमध्ये.

दुसऱ्या चाचणीला मी आणि म्हातारा हजेरीचा पूर्ण सामना खेळलो. प्रत्येक गोळीमागे धुराचा हाताएवढा पातळ पदर उठे आणि छपरापर्यंत पोचण्याआधी विरून जाई. कुणी खोकले नाही. सेक्रेटरी माझ्या अगदी मागे येऊन उभा राहिला, मास्क किंचित खाली करून त्याने श्वास घेतला.

“आहे थोडासा,” तो म्हणाला.

“तुमच्या बारबेक्यूलाही असतो.”

कमिटीने तिथल्या तिथे ठरवले, वंगण चालेल. मग हजेरीची वही आली. माझ्या नावापुढे सेक्रेटरीने शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिले होते: खास सवलत म्हणून. मी पेन खाली ठेवले.

“काका, सही करा ना. याशिवाय हजेरी लागत नाही.”

“सवलत मी मागितलेली नाही. चाचणी दिली, उत्तीर्ण झालो. हा शब्द काढा.”

“अहो, फक्त फॉर्मॅलिटी आहे. कोण वाचतंय?”

“मी वाचतो. एकोणीस वर्षे हेच वाचले. पुढच्या वर्षी नवी कमिटी येईल, वही उघडेल आणि म्हणेल, सवलत होती, संपली.”

“आणि उद्या परत लॉकडाउन लागला तर? परवाना जाईल तुमचा. एका शब्दासाठी?”

मला ते माहीत होते. पण मी पेन उचलले नाही. रांगेत माझ्या मागे म्हातारा होता. त्याचीही हजेरी तितकीच बाकी होती. त्याने काय चालले आहे ते विचारले, मी इंग्रजीत सांगितले. त्याने वही स्वतःकडे फिरवली, त्याच्या नावापुढेही तोच शेरा आहे हे पाहिले आणि पेनला टोपण लावून खिशात टाकले.

“आम्ही थांबतो, मेट,” तो सेक्रेटरीला म्हणाला. “तू जेवून ये.”

सेक्रेटरीने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. मागे उभा असलेला अध्यक्ष घड्याळ बघत होता. शेवटी सेक्रेटरीने स्वतःचे पेन काढले, दोन्ही नावांपुढचे शब्द खोडले, आणि मी बोट ठेवले त्या जागी, दोन्ही खोडलेल्या शब्दांशेजारी, आपली आद्याक्षरे घातली.

मग मी सही केली. मराठीत, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, तिन्ही पूर्ण. रकाना पुरला नाही. उरलेले समासात लिहिले.