नळ सोडून बोलणाऱ्या इर्माबाई

डब्लिनच्या ओंगार उपनगरात आमच्या भिंतीला लागून इर्मा लुत्श राहतात. पंचाहत्तरीच्या, एकट्या. दिवाळीत मी फराळ घेऊन गेले, तर साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून पहिला प्रश्न आला, "तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. आमचा सण आहे."

ताट आत गेलं, दार बंद.

"नाद सोड तिचा," माझा नवरा मकरंद म्हणाला.

पण डिपेंडंट व्हिसावर दिवसभर घरात बसून मी करणार काय? जात राहिले. साखळी निघाली, चहा मिळू लागला. बोलण्याआधी मात्र त्या स्वयंपाकघरातला नळ सोडायच्या.

कारण हळूहळू कळलं. रोमानियातल्या जर्मन वस्तीत जन्म, कविता जर्मनमध्ये. पहिल्याच संग्रहाच्या सगळ्या प्रती सरकारनं उचलून नेल्या. घरात मायक्रोफोन लावले होते. पाण्याच्या आवाजात बोलणं बुडायचं. पुढे त्यांना जर्मनीला जाऊ दिलं. रोमानियातली कम्युनिस्ट राजवट पडल्यावर समजलं, पोलिसांना बातम्या पुरवणारी त्यांची जिवलग मैत्रीण ट्रूडेच होती. रोज काहीतरी खायला घेऊन यायची. तिच्यावर लिहिलेली कादंबरी गाजली. मग नोकरीला डब्लिनला आलेल्या मुलीमागून त्याही आल्या. मुलगी कॅनडाला गेली, त्या राहिल्या.

ऐकून मला माझ्या ताटांचीच लाज वाटली.

मग माझ्याही मनात पाल चुकचुकली. मकरंद कधी येतो, मी फोनवर कुणाशी बोलते, सारखं विचारायच्या. शेवटी मीच विचारलं, "नवी कादंबरी लिहिताय ना? मी आहे त्यात?"

"आहेस. खाऊ आणणारी शेजारीण. ती कुणासाठी काम करते, वाचकाला कळत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मलाही अजून नाही."

असा राग आला! मी जाणंच बंद केलं.

एका सकाळी त्यांच्या दारात ॲम्ब्युलन्स. इर्माबाई जिन्यावरून पडल्या होत्या. स्ट्रेचरवरून मलाच हाक मारली, हातात किल्ली ठेवली. "मांजराला खायला घाल."

हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तर म्हणाल्या, "माझ्या घरात आणखी कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"नक्की?"

"नक्की, इर्मा."

घरी परतल्यावर आधी त्यांनी कुलूप बदलून घेतलं. मी मनातल्या मनात हातच जोडले. दुपारी काठी टेकत आमच्या दारात आल्या आणि नवी किल्ली पुढे केली.

"बसला विश्वास?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा पडले तर दार कोण उघडणार?"