पुण्याची हवा

आमच्या शेजारच्या पुणेकर गृहस्थांनी लोणावळ्यात बंगला घेतला तो इथल्या हवेसाठी. त्यांच्याकडे हवेच्या दाबावर चालणारी बंदूक आहे. तिच्यात हवा हातपंपाने भरावी, कॉम्प्रेसरने की सिलिंडरने, यावर ते कुंपणापलीकडून माझं डोकं खातात. नेम धरायचा रिकाम्या डब्यावर, तोही लागत नाही.

एकदा त्यांनी म्हाताऱ्या माळीभाऊंना पंपाला जुंपलं. भाऊ घामाघूम झाले, दाबाचा काटा वर चढला, तेव्हा हे म्हणाले, "छे, इथली हवा फार दमट. आतून गंजेल." आणि फुस्सकन सगळी सोडून दिली.

"सोडली व्हय, सायेब?" भाऊ धापा टाकत एवढंच बोलले.

आता ते पुण्याची कोरडी हवा सिलिंडरमध्ये भरून आणतात. दर शनिवारी, लोणावळ्याची हवा खायला येताना.